लाल फुलीची सीट

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, धाकट्या बहिणीजवळ नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. देवाजवळसुद्धा नाही — त्याला माहीत असणारच, पुन्हा कशाला उगाळायचं, असं म्हणून देवळातही मी दुसरंच काहीतरी बोलून परत यायची. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि वाटलं, एकदाचं बोलून टाकावं. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं जातंय.

तशी मी बोलायला भिणारी बाई नाही हं. मैलापूरच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजीवाली मला बघितलं की आपणहून वजनात एक वांगं जास्त टाकायची. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठीच, पण तिच्यात तमिळ इतकी कालवलेली की पुण्याकडचा पाहुणा आला की तो आमच्या तोंडाकडे बघत बसायचा. लिहिता येण्याजोगी मराठी आजोबांनी कान धरून शिकवली. म्हणजे भांडायला माझ्याकडे दोन भाषा होत्या. आणि जिथे एक खरं वाक्य बोलायचं होतं, तिथे? तिथे माझी वाचा बसली.

नोकरी एका विमा कंपनीत, मोटार क्लेम्सच्या टेबलावर. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं, गाव अजून मद्रासच होतं. गाडी ठोकली की माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसायची, घाम पुसायची आणि चूक समोरच्या लॉरीवाल्याची होती हे आधी सांगायची. गाडीचं काय मोडलं ते बघायला आमचा सर्व्हेअर जायचा. तो लिहून आणेल त्यातलं काय द्यायचं आणि काय नाही, हे माझ्या टेबलावर ठरायचं. अधिकार लहान होता, पण मला तो फार आवडायचा. खोटं कशाला बोलू? नाही म्हणायला तर मला विशेषच आवडायचं.

एकदा एक गृहस्थ आले. नुकतेच अमेरिकेतून परतलेले, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात मोठ्या जागेवर. गाडी समोरून बऱ्यापैकी चेपली होती. बंपर, दिवे, रेडिएटर — नेहमीचंच सगळं. पण त्यांनी आणखी एक वस्तू मागितली होती. लहान मुलाला गाडीत बसवायची सीट. तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, तेव्हा मद्रासमध्ये अशी सीट कुणी बघितली होती? बाळ म्हणजे आईच्या मांडीवर, नाहीतर स्कूटरवर आईबापाच्या मधे. सर्व्हेअर हसतच आला. म्हणाला, मॅडम, सीट ठणठणीत आहे, ओरखडा नाही, आणि हा माणूस म्हणतो नवीन द्या.

मी गृहस्थांना जरा सुनावायच्याच बेतात होते. पण ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ह्या सीटमध्ये माझी मुलगी होती. तिला काही झालं नाही, कारण धक्का सीटने खाल्ला. एकदा धक्का खाल्लेली सीट पुन्हा वापरायची नसते. वरून काही दिसत नाही, पण पट्टा जिथून जातो तिथे आतून प्लास्टिक पिचलेलं असू शकतं, आणि दुसऱ्या वेळी ते धरेलच असं नाही. सीटच्या पाठीवर छापलेलं होतं तेही त्यांनी दाखवलं. मी वाचलं. नीट, दोनदा वाचलं. — हे लक्षात ठेवा, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि मग काय झालं माहीत आहे? माझी बाजू बदलली. मला ते पटलंच, आणि पटलं की मी कुणाचं ऐकत नाही. आमचे मॅनेजर म्हणत होते, मोडलं नाही ते भरून कसं देणार? शिवाय ती गाडीबरोबर आलेली वस्तूही नाही. मी त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून भांडले. म्हटलं, सर, देवापुढे फोडलेला नारळ पुन्हा कुणी फोडायला नेतं का? तिचं काम तिने केलं, ती संपली. मॅनेजर हसले. प्लास्टिकची वस्तू म्हणून निम्मे पैसे कापून घेतले, पण मंजूर केलं. आमच्या ऑफिसात अशा सीटचा क्लेम पास करून घेणारी पहिली बाई मी. आठवडाभर मी मान ताठ करून वावरत होते.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. एखाद्या भागाचे पैसे आम्ही दिले की तो जुना भाग कंपनीचा. तोच भाग कुणी पुन्हा दाखवून दुसऱ्यांदा पैसे उकळू नयेत म्हणून सर्व्हेअर त्याच्यावर तेलरंगाने लाल फुली मारायचा. मग ते सगळं जिन्याखालच्या खोलीत पडायचं आणि कधीतरी भंगारवाला येऊन वजनावर घेऊन जायचा. तशी ती सीटही पाठीवर फुली घेऊन तिथे पडली. भंगारवाल्याने बंपर उचलले, दरवाजे उचलले, सीट हातात धरून बघितली आणि परत ठेवली. ह्यात लोखंडच नाही अम्मा, मी काय करू हिचं, म्हणाला. मॅनेजर तिथून जात होते. मला म्हणाले, तुम्हीच भांडलात ना तिच्यासाठी? घेऊन जा घरी, साड्या ठेवा तिच्यात.

मी घेऊन गेले. त्यात काही चोरी नव्हती. तिथपर्यंत सगळं ठीकच होतं.

माझी धाकटी बहीण पद्मा. माझ्याहून बरीच लहान, मीच तिच्या वेण्या घातलेल्या, मीच तिला शाळेत सोडलेलं. वडील लवकर गेले तेव्हा घर माझ्या पगारावर आलं. माझं लग्न राहून गेलं, तिचं मी करून दिलं. नवरा मुरलीराव, सज्जन माणूस. घरची गाडी, स्वतःचं घर, सासूही बरी. लग्नानंतर पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. किती नवस, किती डॉक्टर, आणि किती ते बायकांचे खोचक प्रश्न! शेवटी राघू झाला. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्याकडच्या रीतीने आयुष्यहोम ठरला — बाळाला लांब आयुष्य लाभावं म्हणून करतात तो. आणि माझ्या डोक्यात एकच किडा: मावशी काय आणणार?

सासरकडची माणसं चांदीच्या वाट्या आणणार, साखळ्या आणणार. मी क्लेम्समधली कारकूनबाई. माझं काय दिसणार त्यांच्यात? तुम्हाला हे फार क्षुद्र वाटत असेल. होतंच क्षुद्र. पण त्या वेळी रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि कोपऱ्यात ती सीट बसली होती — निळी, गुबगुबीत, पाठीवर परदेशी अक्षरं. अख्ख्या मैलापुरात कुणाकडे नव्हती अशी.

मी तिचं कापड काढून धुतलं. रॉकेलच्या बोळ्याने लाल फुली घासली. फुली गेली, पण एक गुलाबी डाग राहिला, तर त्यावर हत्तीचं स्टिकर लावलं. छापील सूचना होती ती पट्टीही नखाने खरवडून काढली. हे सगळं करताना माझा हात थरथरला का? नाही. मी गुणगुणत होते.

आणि होमाच्या दिवशी सांगितलं की माझ्या एका मैत्रिणीने अमेरिकेहून आणली, तिच्या मुलाला आता लहान होते. असली मैत्रीण नव्हतीच. नवीन आहे असंही म्हणता आलं असतं, पण मी पक्की. आपल्याकडे बाळाला आधी दुसऱ्या धडधाकट मुलाचं जुनेरंच घालतात ना? जुनं लाभतं म्हणतात. मी नेमकं तेच धरलं. आई खूश झाली, पद्माच्या सासूबाई खूश झाल्या. धडधाकट पोराची वस्तू आहे, फार चांगलं झालं, म्हणाल्या. चांदीच्या वाट्या बाजूला पडल्या आणि सगळा मांडव त्या सीटभोवती. मुरलीरावांनी तिथल्या तिथे ती गाडीत, पुढच्या जागेवर पट्ट्याने बांधली, राघूला बसवलं आणि गल्लीतून एक चक्कर मारून आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तेव्हा बोलले असते तर? एकच वाक्य होतं. पद्मा, ही धक्का खाल्लेली सीट आहे, ह्यात त्याला बसवू नकोस. चारचौघांत नको, घरी गेल्यावर तरी. पण मग मैत्रीण कुठली, डाग कसला, भंगारातून उचललेली वस्तू तू होमात आहेर म्हणून दिलीस? — हे सगळं आलं असतं. मी मनाशी म्हटलं, मांडीवर बसण्यापेक्षा तर बरं. म्हटलं, त्या गृहस्थांना अमेरिकेतल्या सवयीच जास्त. ज्या बाईने नारळाचं उदाहरण देऊन मॅनेजरला गप्प केलं होतं, तीच बाई आता स्वतःशी असं बोलत होती.

दीड-दोन वर्षं तो त्या सीटमध्ये फिरला. त्याला ती इतकी आवडायची की घरातसुद्धा तिच्यात बसूनच इडली खायचा. आणि मी? ते तंजावरला निघाले की मला जेवण जात नसे. पोचल्याचा फोन येईपर्यंत मी शेजाऱ्यांच्या फोनभोवती घुटमळायची. कधी न राहवून म्हणायची, पद्मा, आज मांडीवरच घे ना त्याला, थकलाय तो. ती हसायची. काय अक्का तू! दिलीस तूच, आणि आता बसू देत नाहीस? मग मी गप्प. अशा गप्प बसण्याची माणसाला सवय होते, हे मला त्या दोन वर्षांत कळलं.

मग तो फोन आला. भर दुपारी, ऑफिसात. पद्मा म्हणाली, अक्का, आमची गाडी ठोकली. मी ओरडले — अख्ख्या हॉलने ऐकलं — सीट कुठंय? सीट कुठंय, पद्मा?

तिकडून ती रडत-हसत म्हणाली, अय्यो अक्का, तो नव्हता ग सीटमध्ये! घरी होता, आजीजवळ. सकाळपासून अंग गरम होतं त्याचं, म्हणून ठेवून गेलो. आम्हालाही फार नाही लागलं.

मी खुर्चीत बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं. मग तिने पुढचं सांगितलं. पुढे चाललेली बस एकदम थांबली आणि हे मागून आदळले. रिकामी सीट पट्ट्यातून सुटली आणि डॅशबोर्डवर आपटली. पट्टा जिथून जातो, तिथेच प्लास्टिक फाटलं होतं. अगदी तिथेच. त्या गृहस्थांनी बोट ठेवून दाखवलं होतं तिथे.

राघूला ताप आला नसता तर? हा प्रश्न मी विचारू शकते. उत्तर नाही देता येत. अजून नाही.

संध्याकाळी मी धावत त्यांच्या घरी गेले. राघू तापातच बिस्किट कुरतडत बसला होता. सासूबाई म्हणत होत्या, देवानेच ताप पाठवला. मुरलीरावांच्या कपाळाला पट्टी. ते म्हणाले, अक्का, बरं झालं आलात, तुम्हालाच विचारायचं होतं. उद्या सर्व्हेअर गॅरेजमध्ये येतोय. ती मुलाची सीट इन्शुरन्समध्ये मिळते का हो? मोडली बघा पार. मिळत असेल तर नवी मागवू.

मिळते का? जगात कुणाला ह्याचं उत्तर माहीत होतं तर मला. ते उत्तर मिळवायला मी स्वतः भांडले होते. आणि ही सीट तर डोळ्यांना दिसेल अशी मोडली होती, वाद घालायचीही गरज नव्हती. पण त्यांचा विमा आमच्याच ऑफिसचा, मीच करून दिलेला. येणारा सर्व्हेअर तोच. त्याने ती उलटी करून बघितली असती, हत्तीखालचा स्वतःच्या फुलीचा डाग ओळखला असता.

मी म्हटलं, नाही हो मुरलीराव. ती गाडीचा भाग नाही, नाही मिळत. उगाच दाखवू नका, बाकीच्या क्लेमलाही फाटे फुटतील.

त्यांनी मान डोलावली. मी सांगितलं म्हणजे झालंच. विम्यातलं माझ्याहून जास्त त्या घरात कुणाला कळत होतं? गॅरेजवाल्याला सांगून त्यांनी ती सीट टाकून दिली. सर्व्हेअर आला, बॉनेट-दिवे लिहून गेला. क्लेम माझ्याच टेबलावर आला असता, मी तो शेजारच्या टेबलाला दिला — घरचं प्रकरण म्हणून. ऑफिसात माझं कौतुक झालं. प्रामाणिक बाई म्हणून.

पुढे राघू मांडीवरच बसून फिरला, कारण दुसरी सीट मद्रासमध्ये मिळत नव्हती. गुम्मिडिपूंडीच्या त्या गृहस्थांनी नवी कुठून आणवली, हे विचारायला एक फोन पुरला असता. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी केला नाही. म्हटलं, कशाला त्या विषयाला हात लावायचा?

राघू आता चांगला उंचापुरा बाप्या झालाय, ओरगडमला कामाला जातो, त्याची मुलगी शाळेत जाते. सगळं नीट झालं. इतकं नीट झालं की कधीकधी मला माझाच राग येतो. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात, पण वेगळी. राघूच्या लग्नात पद्माने सुनेला सांगितली. म्हणाली, आमच्या अक्काचा जीव बघ, मी नुसतं 'गाडी ठोकली' म्हटलं, तर अपघात कसा झाला, कुणाला लागलं, काही नाही. हिचं एकच: सीट कुठंय, सीट कुठंय! माझ्या पोराचा ध्यास हिला. सून वाकून माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. न लाजता दिला.

तर हे असं. तुम्हाला तरी खरं सांगते. त्या दिवशी फोनवर मी राघूबद्दल विचारतच नव्हते. सीट आता कुणाच्या हातात पडेल, कोण उलटी करून बघेल, हे माझ्या डोक्यात आधी आलं. बाळ कसं आहे हे मी विचारलं नाही, पद्माने आपण होऊन सांगितलं. 'तो घरी होता' हे ऐकून मला हायसं वाटलं, नक्की वाटलं. पण दोन दिवसांनी मुरलीराव म्हणाले की ती सीट कचऱ्याच्या गाडीतून गेली, तेव्हा मी मोरीत जाऊन, नळ सोडून, सुटकेने रडले. राघू वाचला त्या दुपारी मी रडले नव्हते.